अ‍ॅमेझॉन असोसिएट्स : मराठी साइटवर अफिलिएट लिंक कुठे शोभते, कुठे फसते

पाककृती, पुस्तके, बागकाम, शिवणकाम अशा विषयांवर मराठीत नेटाने लिहिणाऱ्या साइटला चार पैसे मिळवायचे झाले, की पहिले नाव निघते ते अ‍ॅमेझॉन असोसिएट्सचे. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेली ही योजना अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानालाही लागू आहे. खाते फुकट उघडते. साइटवर वस्तूची लिंक द्यायची, वाचकाने तिच्यावरून जाऊन खरेदी केली की साइटला कमिशन. वाचकाला वस्तू त्याच किमतीत मिळते.

आमचे मत आधीच सांगतो. हिशेब चोख, दर बेताचे, नियम कडक. यावर घर चालवण्याचा बेत करू नये. डोमेन, होस्टिंग आणि वर्षाकाठी एखादे चांगले उपकरण एवढा खर्च मात्र नीट लिहिलेल्या तीस-चाळीस लेखांची साइट यातून काढू शकते. आणि त्यासाठी लेखाचे दुकान करावे लागत नाही. लिंकच्या आधीच्या परिच्छेदात वाचकाच्या हाती काही पडले असेल, तर लिंक खटकत नाही. ते पडले नसेल, तर लिंक कितीही सजवा, वाचकाला ती गळ्यात पडल्यासारखीच वाटते.

उदाहरण म्हणून दिवाळीच्या फराळाची साइट आणि तिच्यावरचा चकलीचा लेख समोर ठेवू. विषय घरचा आहे, आणि चकली बिघडली तर दोष भाजणीचा की सोऱ्याचा हा प्रश्न वाचकाला खरोखर पडलेला असतो.

खाते केव्हा उघडावे

अर्जासाठी साइट चालू असावी, तिच्यावर स्वतःचे लेखन असावे. निदान दहा पूर्ण लेख झाल्याशिवाय अर्ज करू नये. नाव, पत्ता, पॅन, बँक खाते आणि ज्या ज्या ठिकाणी लिंक टाकणार त्या सगळ्या साइट आणि सोशल मीडिया पानांचे पत्ते द्यावे लागतात. शेवटच्या मुद्द्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. खात्यात न नोंदवलेल्या साइटवर लिंक दिसली तर तो नियमभंग धरला जातो. नंतर दुसरी साइट काढली, तर आधी तिची नोंद करावी आणि मग लिंक टाकाव्यात.

पुढचा चाळणीचा टप्पा १८० दिवसांचा. खाते उघडल्यापासून तेवढ्या दिवसांत किमान ३ पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. पुन्हा अर्ज करता येतो, पण मग टॅग, म्हणजे लिंकमध्ये जाणारी तुमच्या खात्याची खूण, नवा आणि साइटभरच्या लिंक नव्याने लावायच्या. म्हणून फराळाच्या साइटने खाते वैशाखात उघडू नये. १८० दिवस दिवाळीच्या तोंडावरच संपतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघडले की गणपती, नवरात्र, दिवाळी तिन्ही पदरात पडतात.

स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी पात्र नाही. घरच्यांची आणि मित्रांची खरेदीही नाही. ‘पहिल्या तीन विक्री भावाकडून करून घेऊ’ हा सर्रास केला जाणारा उपाय खाते बंद पडण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे.

अ‍ॅमेझॉनच्या दुकानाचा पडदा २०२१ पासून मराठीत दिसतो. असोसिएट्सचे डॅशबोर्ड, अहवाल आणि करारनामा यांसाठी मात्र इंग्रजीशी झुंजावे लागते. करार लांबलचक आहे, तरी लिंक, किमती आणि चित्रे यांवरचे भाग एकदा सावकाश वाचावेत. बरीच खाती याच तीन गोष्टींवरून जातात.

पैसे कसे मोजतात

वाचकाने लिंक दाबली की २४ तासांची खिडकी उघडते. त्या वेळात त्याने जी पात्र खरेदी केली ती तुमच्या नावावर. तो सोऱ्या बघायला गेला आणि गादी घेऊन आला, तर गादीचेही कमिशन मिळते. वस्तू २४ तासांत कार्टमध्ये टाकली आणि ऑर्डर नंतर दिली, तरी कार्टमधली ती वस्तू काही काळ तुमची राहते. मधल्या वेळात वाचकाने दुसऱ्या कुणाची अफिलिएट लिंक दाबली की तुमची खिडकी मिटते. एकदा ऑर्डर झाली की पुढच्या खरेदीसाठी नव्याने लिंक दाबावी लागते.

कमिशन छापील किमतीवर मिळत नाही. कर, पाठवणीचा खर्च आणि भेटवस्तूच्या वेष्टनाचे पैसे वजा करून राहणाऱ्या रकमेवर मिळते. ३,५४० रुपयांच्या मिक्सरमध्ये १८ टक्के जीएसटी असेल, तर मूळ रक्कम ३,००० रुपये. दर ५ टक्के धरला तर हाती १५० रुपये. दर वस्तूच्या वर्गानुसार बदलतात. मोबाइल फोनवर ते अगदीच तुटपुंजे, घरगुती वस्तू आणि कपड्यांवर तुलनेने बरे. नेमके दर डॅशबोर्डवरच्या दरपत्रकातच पाहावेत, कारण कंपनी ते स्वतःच्या मर्जीने बदलते. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये फर्निचर आणि घरसुधारणेच्या वस्तूंवरचा दर ८ वरून एकदम ३ टक्क्यांवर आणला होता. सगळी मिळकत एकाच दुकानावर टांगून ठेवू नये, त्याचे हे मोठे कारण.

आता गृहीत आकडे घेऊन अंदाज बांधू. महिन्याला १०,००० वेळा पाने उघडली गेली, शंभरात तिघांनी लिंक दाबली, म्हणजे ३०० क्लिक. त्यांतल्या शंभरात चौघांनी काही घेतले, म्हणजे १२ ऑर्डर. करावेगळी सरासरी किंमत ७०० रुपये आणि दर ५ टक्के, तर ४२० रुपये. एवढेच. वाचकांची संख्या दुप्पट केली तर मिळकत दुप्पट होईल. त्याच वाचकांतून योग्य वाचक योग्य वस्तूपर्यंत नेला, तर ती त्याहून अधिक वाढू शकते. रिकामी क्लिक वाढवून मात्र काही होत नाही, कारण क्लिकला पैसे नाहीत, विक्रीला आहेत.

कमिशन ऑर्डरला नव्हे, वस्तू रवाना झाल्यावर नोंदले जाते. परत आली की वजा होते. कपडे आणि चपलांचे आकडे म्हणून अहवालात आधी फुगलेले दिसतात आणि पुढच्या महिन्यात खाली येतात. स्वयंपाकाची भांडी आणि पुस्तके त्या मानाने कमी परत येतात. पैसे महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी जमा होतात, तेही किमान रक्कम साठली असेल तर. ऑक्टोबरच्या दिवाळीची कमाई डिसेंबर सरता सरता हाती येते.

लिंकच्या आधीचा परिच्छेद

लेखकाचा कस लागतो तो इथेच. चकलीच्या लेखात ‘यासाठी हा उत्तम सोऱ्या येथे घ्या’ असे एक वाक्य टाकून मोकळे होणारी साइट वाचकाला काहीच देत नाही. त्याऐवजी सोऱ्याबद्दल जे माहीत आहे ते लिहावे.

लाकडी दाबाचा सोऱ्या स्वस्त आणि हलका, पण दोन्ही हातांचा जोर लागतो. भाजणी थोडी जरी घट्ट झाली तरी मनगट भरून येते, आणि जोर कमीजास्त पडला की चकलीची जाडी बदलते. फिरकीच्या पितळी सोऱ्यात मळसूत्रामुळे दाब एकसारखा बसतो आणि काटे स्पष्ट उमटतात. तो जड असतो, घासूनपुसून ठेवावा लागतो. स्टीलचा फिरकीचा सोऱ्या मधला मार्ग. तो घेताना दट्ट्या आणि नळकांडे यांच्यातली फट पाहायची. फट मोठी असेल तर पीठ खाली उतरण्याऐवजी दट्ट्याच्या वर चढते, आणि दर दोन घाण्यांनी सोऱ्या उघडून साफ करावा लागतो. चकतीच्या चांदणीचे टोक बोथट असेल तर काटे येत नाहीत, मग भाजणी कितीही नेमकी असो. आणि हेही लिहावे, की चकली तेलात विरघळत असेल तर सोऱ्या बदलून उपयोग नाही. मोहन जास्त झाले आहे, थोडी कोरडी भाजणी मिसळून पाहा.

हे शेवटचे वाक्य विक्री कमी करणारे आहे, आणि तेच लिहायला हवे. ज्याला सोऱ्या नको त्याला ‘नको’ सांगणारे पान ज्याला हवा त्याला भरवशाचे वाटते. एवढे लिहून झाल्यावर ‘फिरकीचा स्टीलचा सोऱ्या, सहा चकत्यांसह’ या शब्दांवर एक लिंक द्यावी. ‘येथे क्लिक करा’ नको. लिंकचे शब्द वाचून पुढे काय उघडणार हे कळले पाहिजे.

जागा दोनच ठेवाव्यात. निवड ठरते त्या परिच्छेदाच्या अखेरीस एक, आणि लेखाच्या शेवटी ‘लागणारे साहित्य’ या चौकटीत एक. कृतीच्या पायऱ्यांमध्ये लिंक अजिबात नको. कढई तापली आहे, हाताला पीठ आहे आणि पडद्यावर बोट लागून दुकान उघडले, तर वाचक चिडतो आणि परत येत नाही. साखर, मीठ, हळद यांना लिंक लावण्यात तर काहीच अर्थ नाही. ती कुणी तिथून घेत नाही, आणि पान निळ्या अक्षरांनी भरून जाते. एका वस्तूसाठी फार तर दोन पर्याय द्यावेत आणि कुणासाठी कोणता ते एका ओळीत सांगावे. दहा सोऱ्यांची यादी म्हणजे निवडीचे काम वाचकावर ढकलणे.

छायाचित्र स्वतः काढलेले हवे. अ‍ॅमेझॉनवरची चित्रे उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी नाही. खातेदाराला दुकानाच्या पानावर वर दिसणाऱ्या साइटस्ट्राइप या पट्टीतून चित्राची लिंक मिळायची ती सोय कंपनीने २०२३ च्या अखेरीस बंद केली, तेव्हा कितीतरी जुन्या लेखांत रिकाम्या चौकटी उरल्या. फोनने काढलेला फोटो पुरतो. सोऱ्याशेजारी स्टीलची पट्टी किंवा नेहमीची वाटी ठेवली की आकार कळतो, आणि चकतीचा जवळून घेतलेला एक फोटो दुकानातल्या पाच चकचकीत चित्रांपेक्षा जास्त सांगतो.

पुस्तकांच्या साइटला हेच सूत्र लागू. प्रत कोणत्या आवृत्तीची, टाइप किती बारीक, बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली हे लिहिणारे मराठीत थोडे आहेत. एक सोय अशी, की छापील पुस्तकाचा दहा आकडी आयएसबीएन आणि अ‍ॅमेझॉनचा वस्तुक्रमांक, म्हणजे एसिन, बहुधा एकच असतो. त्यामुळे हवी तीच आवृत्ती नेमकी पकडता येते. शीर्षकाने शोधून पहिली दिसेल ती लिंक उचलली तर जुनी आवृत्ती किंवा कुणी अवाच्या सवा किमतीला लावलेली प्रत वाचकाच्या माथी बसते.

खुलासा मराठीतच

कमिशन मिळते हे सांगणे ऐच्छिक नाही. अ‍ॅमेझॉनच्या करारात ‘अ‍ॅमेझॉन असोसिएट म्हणून पात्र खरेदीतून मला उत्पन्न मिळते’ या अर्थाचे विधान बंधनकारक आहे. भारतात आस्की या जाहिरात-मानक परिषदेची समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची तत्त्वे ९ जून २०२२ ची. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत वेगळी पुस्तिकाही काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

२०२२ च्या तत्त्वांमध्ये एक बाब मराठी साइटनी पक्की लक्षात ठेवावी. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत तिचा खुलासा. मराठी लेखाखाली इंग्रजीत एक ओळ बारीक अक्षरात टाकून भागत नाही. शब्द साधे असावेत: ‘या लेखातील काही लिंक अ‍ॅमेझॉनच्या आहेत. त्यांवरून खरेदी झाली तर आम्हाला कमिशन मिळते. तुम्हाला त्यासाठी जास्त पैसे पडत नाहीत.’ ही ओळ लेखात पहिली लिंक येण्याआधी, नेहमीच्याच अक्षराकारात ठेवावी. तळटिपेत किंवा ‘आमच्याविषयी’ पानावर दडवली तर ती असून नसल्यासारखीच. प्रत्येक लिंकशेजारी कंसात ‘सशुल्क लिंक’ लिहिले तर आणखी चांगले. वस्तू कंपनीने फुकट पाठवली असेल तर ते वेगळे सांगावे, कारण कमिशन आणि भेट या निराळ्या गोष्टी आहेत.

शोधयंत्रांसाठीही एक खुलासा लागतो. लिंकच्या एचटीएमएलमध्ये ‘रेल’ (rel) या गुणधर्मात ‘स्पॉन्सर्ड’ (sponsored) हा शब्द टाकायचा. गुगलने तो सप्टेंबर २०१९ मध्ये आणला. त्याआधीचा ‘नोफॉलो’ (nofollow) हाही चालतो, दोन्ही एकत्रही चालतात. वर्डप्रेसमध्ये परिच्छेद एचटीएमएल म्हणून उघडून हे हाताने लिहिता येते किंवा त्यासाठीचे प्लगइन वापरता येते. दुकानातले वर्णन उचलून वर लिंक डकवलेली पाने गुगलच्या स्पॅमविषयक धोरणातच बसतात. अशी पाने शोधात मागे पडली तर तक्रारीला जागा नाही.

लिंक लावताना आणि लावल्यावर

भारतीय टॅगच्या शेवटी २१ हा आकडा असतो, अमेरिकी टॅगच्या शेवटी २०. अमेरिकेतल्या मराठी वाचकाने भारतीय दुकानाची लिंक दाबून तिकडच्या दुकानातून काही घेतले, तर भारतीय खात्यात त्याची नोंद होत नाही. तिकडचे वाचक खरोखर बरेच असतील तरच अमेरिकी खाते वेगळे काढावे. त्याच्या करविषयक कागदपत्रांचा व्याप आहे, आणि १८० दिवसांची अट तिथेही आहे.

एका खात्यात शंभरपर्यंत ट्रॅकिंग आयडी, म्हणजे वेगवेगळे टॅग, करता येतात. ही सोय मोलाची आहे, आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत. चकलीच्या लेखाला एक, मोदकाच्या लेखाला दुसरा, शेवटच्या चौकटीला तिसरा आयडी दिला, की कोणत्या पानावरची कोणती जागा चालते ते अहवालात वेगवेगळे दिसते. सहा महिने एकही विक्री न देणारी लिंक काढून टाकावी. पान तेवढे हलके होते.

लिंक साइटस्ट्राइपमधूनच घ्यावी. मोबाइल अ‍ॅपमधल्या ‘शेअर’ बटणावरून घेतलेल्या लिंकमध्ये तुमचा टॅग येईलच असे नाही, आणि टॅग नसलेली लिंक अगदी व्यवस्थित उघडते. चूक दिसतच नाही, फक्त पैसे येत नाहीत. टॅगमध्ये एक अक्षर चुकले तरी हेच. म्हणून लिंक लावल्यावर असोसिएट्समधल्या लिंक तपासण्याच्या साधनात ती एकदा टाकून पाहावी.

आकार किंवा रंगाचे पर्याय असलेल्या वस्तूंत आणखी एक घोटाळा होतो. लेखात १० इंची बिडाचा तवा, आणि लिंक उघडली की समोर १२ इंची. पर्याय निवडून झाल्यावर बदललेल्या पत्त्यातला एसिन घ्यायचा आणि पत्त्याच्या शेवटी ‘पीएससी बरोबर १’ (psc=1) हा भाग राहू द्यायचा, म्हणजे तोच पर्याय निवडलेला उघडतो. वाचकाने चुकीचा आकार मागवला तर वस्तू परत जाते, कमिशन जाते, आणि भरवसाही जातो.

लिंक झाकणारी प्लगइन अ‍ॅमेझॉनसाठी वापरू नयेत. आपल्याच डोमेनची छोटी लिंक दाखवून आतून अ‍ॅमेझॉनवर पाठवणे, म्हणजे आपण कुठे जातो आहोत हे वाचकाला न कळणे, कराराला मान्य नाही. अ‍ॅमेझॉनची स्वतःची लघुलिंक चालते. थर्स्टीअफिलिएट्ससारख्या प्लगइनमध्ये अ‍ॅमेझॉनपुरते झाकण काढून ठेवायची सोय आहे. तीच लिंक दहा लेखांत येत असेल, तर वर्डप्रेसच्या सिंक होणाऱ्या पॅटर्नमध्ये चौकट करून ठेवावी. एका जागी बदलली की सगळीकडे बदलते.

किंमत लेखात लिहू नये. अ‍ॅमेझॉनच्या अधिकृत एपीआयमधून, म्हणजे साइटला थेट माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेतून, आलेली ताजी किंमत दाखवता येते, हाताने टंकलेली नाही. तारांकने आणि ग्राहकांचे अभिप्राय उतरवून देणेही नियमात बसत नाही. ‘आजची किंमत पाहा’ एवढे पुरते. छापील पत्रक, पीडीएफ किंवा ई-पुस्तक यांत लिंक टाकायची नाही. फराळाची पीडीएफ पुस्तिका फुकट वाटून तिच्यात लिंक घालण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे वेगळे सांगितले. लिंकवरून खरेदी केल्यास कॅशबॅक, बक्षीस किंवा दानाचे आमिष दाखवणेही बंद.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ‘सध्या उपलब्ध नाही’ या पाटीने. वस्तू संपली तरी तिचे पान जागेवरच असते, त्यामुळे तुटलेल्या लिंक शोधणारी साधने त्याला सुदृढ लिंक समजतात. हे हातानेच पाहावे लागते. तेही टॅग काढून, ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत, म्हणजे स्वतःच्या क्लिक अहवालात मिसळत नाहीत. त्याच वेळी पानावरची वस्तू तीच आहे ना हेही बघावे. काही विक्रेते जुन्या पानावर नवीच वस्तू चढवतात. अलीकडचे चार अभिप्राय वाचले की ते ध्यानात येते. मोदकाच्या साच्याची लिंक गणपतीच्या तीन आठवडे आधी, सोऱ्याची नवरात्रात, पुरणयंत्राची होळीच्या आधी तपासावी. सणाच्या आठवड्यात बघून उपयोग नाही. तोवर गावाकडच्या पत्त्यावर वस्तू वेळेत पोचणार नाही.

लिंक लावूच नये असे काही

बालसंगोपनाच्या साइटनी १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा वाचावा. बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांची जाहिरात किंवा विक्रीला उत्तेजन देण्यास त्यात मनाई आहे. ‘आमची आवडती बाटली’ असा कमिशनचा लेख तिथेच अडकतो. घरगुती उपायांच्या साइटना १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. मधुमेह बरा करणारे चूर्ण, उंची वाढवणारी गोळी असल्या दाव्यांशेजारी लिंक म्हणजे सरळ धोका. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी आजारी माणसाच्या आशेवर कमिशन घेणे आम्हाला मुळीच पटत नाही.

कर

कमिशन कितीही कमी असो, ते उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवायचे आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कमिशनवरच्या टीडीएससाठी कलम १९४ एच होते. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला आणि वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १५ हजारांवरून २० हजार रुपये झाली. पॅन न दिल्यास कापणी थेट २० टक्क्यांवर जाते. कापलेली रक्कम आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील तुमच्या करनोंदीत दिसते का ते विवरणपत्र भरण्याआधी ताडून पाहावे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. त्यात तुमचा दुसरा करपात्र व्यवसायही मोजला जातो, हे विसरू नये.

दुसरे पर्याय

क्यूलिंक्ससारख्या भारतीय जाळ्यांमध्ये एकाच खात्यावर अनेक दुकाने मिळतात. साइटवर एक छोटी स्क्रिप्ट बसवली की साध्या लिंक आपोआप अफिलिएट होतात. सोय मोठी, पण एक खोड आहे. एखाद्या वस्तूवर टीका करताना दिलेली लिंकही तितक्याच तत्परतेने कमिशनची होते, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. अशा लिंक स्क्रिप्टमधून वगळून ठेवाव्यात. शिवाय मधल्या जाळ्याचा वाटा कापला जातो. अ‍ॅमेझॉनवर नसलेल्या दुकानांसाठीच हा मार्ग धरावा.

छोट्या उत्पादकाशी थेट बोलून कूपन कोड घेणे मराठी साइटना आम्ही आवर्जून सुचवू. भाजणी, मेतकूट, कोकम, हातमागाचे कापड विकणाऱ्या घरगुती व्यवसायांकडे अफिलिएट यंत्रणा नसते. पण ‘या कोडवर ग्राहकाला इतकी सूट, साइटला इतका वाटा, हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला’ असे लेखी ठरवता येते. २४ तासांची खिडकी नाही, कोड महिनाभराने वापरला तरी मोजला जातो. धोका एकच. हिशेब समोरच्याच्या वहीत असतो, म्हणून ऑर्डरांची यादी क्रमांकासह मागायची पद्धत पहिल्या महिन्यापासून ठेवावी.

आणि चकलीच्या त्या लेखात लिंकच्या खाली आणखी एक ओळ हवी, जिचे कमिशन कुणीही देणार नाही. पितळी सोऱ्या हातात घेऊन, फिरकी दोनदा फिरवून, दट्ट्याची फट डोळ्यांनी पाहूनच घ्यावा. पुण्यात असाल तर तुळशीबागेत जा, चार दुकानांत विचारा, आणि सोबत चकतीचे भोक तपासायला चिमूटभर मळलेली भाजणी न्या.